जखम, खूण आणि वारसा : आघातोत्तर विकृतीच्या जनुकीय संशोधनाचा इतिहास

१

‘ट्रॉमा’ हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ जखम. शल्यचिकित्सेच्या परिभाषेत तो आजही याच अर्थाने वापरला जातो. मनाच्या संदर्भात तो रूढ झाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मराठीत या शब्दासाठी ‘आघात’ हा पर्याय स्थिरावला आहे. वरवर पाहता हे केवळ भाषांतर आहे. परंतु जखम आणि आघात यांचा निर्देश एकाच गोष्टीकडे नाही. जखम शरीरावर उरते, आघात बाहेरून येतो. जखमेचा विचार करताना ती ज्याला झाली त्याच्या प्रकृतीचा विचार अपरिहार्य ठरतो. आघाताचा विचार करताना तो करणाऱ्याकडे लक्ष जाते. मराठी पर्यायाने नकळत एका जुन्या वादात एक बाजू घेतली आहे असे म्हणता येईल. मनुष्य मोडतो तो त्याच्यावर जे कोसळले त्यामुळे की तो मुळात जसा होता त्यामुळे, हा तो वाद होय.

आघातोत्तर ताण-विकृतीविषयी गेल्या तीन-चार दशकांत जे जनुकीय व अधिजनुकीय संशोधन झाले आहे, ते या वादाचेच अलीकडचे पर्व आहे. ते केवळ प्रयोगशाळेतील प्रगतीचा इतिहास म्हणून वाचले, तर त्यातील बरेच काही निसटते. निवृत्तिवेतन कोणाला मिळावे, नुकसानभरपाईस कोण पात्र, भित्रा कोण आणि आजारी कोण, हे प्रश्न या संशोधनाच्या पूर्वेतिहासात पदोपदी आढळतात. शिवाय या संशोधनाची भाषा खूण, लेखन, वाचन, मौन अशा रूपकांनी घडलेली आहे आणि साहित्यसमीक्षेने ती गंभीरपणे उसनी घेतली आहे. त्यामुळे हा इतिहास समीक्षेच्याही कक्षेत येतो.

२

वादाचा आरंभ रेल्वेपासून होतो. १८६६ साली जॉन एरिक एरिक्सन या इंग्रज शल्यविशारदाने रेल्वे अपघातांतील मज्जासंस्थेच्या इजांवर पुस्तक लिहिले. अपघातातून वरकरणी धडधाकट सुटलेली माणसे पुढे झोप, स्मृती आणि हालचाल गमावून बसतात, याचे कारण पाठीच्या कण्याला बसलेला हादरा, असे त्याचे प्रतिपादन होते. ‘रेल्वे स्पाइन’ या नावाने ओळखली गेलेली ही व्याधी न्यायालयांत भरपाईच्या दाव्यांच्या रूपाने पोहोचली, आणि ती खरी की ढोंग असा प्रश्न वैद्यकाइतकाच वकिलांचाही झाला. १८८९ मध्ये हेर्मान ओपेनहाइम या जर्मन मज्जाविकारतज्ज्ञाने ‘आघातजन्य चेताविकार’ ही संकल्पना मांडली. तिचा भर घटनेने मज्जासंस्थेत घडवलेल्या सूक्ष्म बदलांवर होता.

याच सुमारास पॅरिसमध्ये शार्को उन्मादाचे खरे कारण आनुवंशिकतेत शोधत होता. घटना ही केवळ चेतवणारी ठिणगी, दारू मात्र घराण्यात साठलेली, असे त्याचे मत थोडक्यात सांगता येईल. फ्रॉइडने १८९६ साली फ्रेंच भाषेत लिहिलेल्या एका निबंधात शार्कोच्या शिष्यांचा हा आनुवंशिकतावाद नाकारला आणि कारण व्यक्तीच्या जीवनेतिहासात शोधण्याचा आग्रह धरला. मनोविश्लेषणाचा जन्म आनुवंशिकतेच्या या अस्वीकारातून झाला. तोच फ्रॉइड आयुष्याच्या अखेरीस पुन्हा वारशाच्या कल्पनेकडे वळला. त्याचा विचार पुढे येईल.

पहिल्या महायुद्धाने हा वाद चिकित्सालयातून राज्यसंस्थेच्या दारात आणला. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मधील लेखात ‘शेल-शॉक’ ही संज्ञा वापरली. फ्रेडरिक मॉट यांच्यासारख्या विकृतिशास्त्रज्ञांनी तोफगोळ्याच्या स्फोटाने मेंदूत झालेल्या भौतिक बदलांचा शोध घेतला. परंतु ज्यांनी स्फोट जवळून अनुभवलाच नव्हता असे सैनिकही थरथरताना, मुके होताना दिसू लागले. एडिंबरोनजीक क्रेगलॉकहार्ट येथील रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी १९१७ मध्ये सीगफ्रीड ससून यांच्यावर उपचार केले. विल्फ्रेड ओवेन त्याच काळात तेथे रुग्ण होते. इंग्रजी युद्धकवितेचा इतिहास आणि आघाताच्या वैद्यकाचा इतिहास अशा रीतीने एका इमारतीत एकत्र येतात. मात्र अधिकाऱ्याच्या व्याधीस चेतादौर्बल्य आणि साध्या शिपायाच्या व्याधीस उन्माद म्हणण्याकडे असलेला कल हेही त्याच इतिहासाचे अंग आहे. निदानाची भाषा सामाजिक श्रेणीपासून कधीच मुक्त नव्हती.

जर्मनीत या वादाचा निकाल अधिक स्पष्ट लागला. १९१६ साली म्यूनिकच्या परिषदेत ओपेनहाइमचा पाडाव झाला. सैनिकाचा कंप हा घटनेचा परिणाम नसून दुर्बल प्रकृतीचा, आणि त्याहूनही निवृत्तिवेतनाच्या इच्छेचा परिणाम आहे, हे मत प्रस्थापित झाले. १९२६ मध्ये जर्मन विमा न्यायाधिकरणाने या मताला कायद्याचे बळ देत अशा चेताविकारांना भरपाई नाकारली. ‘प्रकृती’ हा वैद्यकीय शब्द राजकोषाच्या हिशेबात कसा उपयोगी पडतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

३

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ साली, अब्राम कार्डिनर यांनी पहिल्या युद्धातील सैनिकांच्या निरीक्षणांवर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. आघातजन्य चेताविकार हा एकाच वेळी शरीराचा आणि मनाचा विकार आहे, असे त्यांनी म्हटले. धोका टळला तरी शरीर सावधच राहते, या त्यांच्या निरीक्षणात पुढील जैविक संशोधनाचे बीज आहे. परंतु युद्धानंतरची निर्णायक लढाई पुन्हा भरपाईच्या क्षेत्रात झाली.

पश्चिम जर्मनीच्या नुकसानभरपाई कायद्यांनुसार नाझी छळातून वाचलेल्यांना आपला आजार छळामुळेच झाला हे सिद्ध करावे लागे. अनेक वैद्यकीय तज्ज्ञ जुन्या मताला चिकटून होते : निरोगी प्रकृतीचा मनुष्य कोणत्याही प्रसंगातून कालांतराने सावरतो, जो सावरत नाही त्याचा दोष जन्मजात. छळछावणीतून आलेल्या मनुष्याची निद्रानाशाची, भीतीची, मृतांविषयीच्या अपराधभावाची तक्रार अशा रीतीने त्याच्याच अनुवंशाच्या माथी मारली जाई. न्यूयॉर्कमध्ये विल्यम निडरलँड यांनी १९६० च्या दशकात ‘वाचलेल्यांचा लक्षणसमूह’ वर्णिला. कुर्ट आयस्लर यांनी १९६३ च्या एका लेखाच्या शीर्षकातच विचारले की, आपल्या किती मुलांची हत्या कोणतेही लक्षण न दाखवता सोसली म्हणजे मनुष्याची प्रकृती सामान्य मानली जाईल? या प्रश्नातील संताप हा एका वैद्यकीय सिद्धान्तावरचा संताप होता. पुढे ‘आघाताचा अनुवंश’ हा शब्दप्रयोग वाचलेल्यांच्या बाजूने सहानुभूतीने वापरला जाऊ लागला, तेव्हा ‘अनुवंश’ हा शब्द त्यांच्याविरुद्ध कसा वापरला गेला होता याचा बहुतेकांना विसर पडला होता.

व्हिएतनाम युद्धानंतर अमेरिकेत चैम शातान, रॉबर्ट जे लिफ्टन आणि खुद्द माजी सैनिक यांच्या चळवळीने या प्रश्नाला वेगळे वळण दिले. १९५२ च्या अमेरिकन निदानपुस्तिकेत तीव्र ताणाच्या प्रतिक्रियेला स्थान होते. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ते वगळले गेले होते. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘आघातोत्तर ताण-विकृती’ हे निदान अवतरले. त्या पुस्तिकेने सामान्यतः विकारांची कारणे न सांगता केवळ लक्षणे सांगण्याचे धोरण पत्करले होते. या निदानाचा अपवाद मात्र ठळक होता. येथे बाहेरची घटना व्याख्येचाच भाग झाली. जवळजवळ कोणत्याही मनुष्याला व्यथित करील असा प्रसंग, ही त्या व्याख्येची अट होती. ‘जवळजवळ कोणत्याही’ या शब्दांत प्रकृतीच्या प्रश्नाला दिलेली रजा सामावलेली आहे. रुग्ण सामान्य आहे, असामान्य आहे तो प्रसंग, ही या व्याख्येची नैतिक भूमिका होती, आणि ती एका दीर्घ अन्यायाचे परिमार्जन करणारी होती.

४

परंतु ही रजा फार काळ टिकली नाही. सर्वेक्षणांनी असे दाखवले की भीषण प्रसंग विरळ नाहीत आणि त्यांतून जाणारे बहुसंख्य लोक या विकृतीने ग्रस्त होत नाहीत. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील राष्ट्रीय पाहणीत सुमारे ६० टक्के पुरुषांनी आणि ५० टक्के स्त्रियांनी आयुष्यात किमान एक असा प्रसंग अनुभवला होता. ही विकृती आयुष्यात कधीतरी झालेल्यांचे प्रमाण मात्र ७.८ टक्के होते. स्त्रियांत ते पुरुषांच्या दुप्पट होते. घटना आवश्यक असली तरी पुरेशी नाही, हे उघड झाले. मग उरलेले काय, या प्रश्नातून प्रकृती पुन्हा दारात उभी राहिली. या वेळी तिचे नाव ‘जनुकीय प्रवणता’ असे होते.

जुळ्यांचे अभ्यास हे तिचे पहिले साधन. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ एकसारखी असतात, द्विबीज जुळ्यांची सरासरीने निम्मी समान. दोन्ही गटांतील साम्याची तुलना केली की अनुवंशाचा वाटा अजमावता येतो. व्हिएतनामकालीन जुळ्या सैनिकांच्या नोंदवहीतील ४,०४२ जोड्यांचा अभ्यास विल्यम ट्रू आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. लढाईतील सहभागाचा परिणाम वेगळा काढल्यानंतरही निरनिराळ्या लक्षणांतील फरकांपैकी १३ ते ३४ टक्के वाटा अनुवंशाकडे जातो, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी त्याच नोंदवहीवरून आणखी एक चमत्कारिक गोष्ट निदर्शनास आली. लढाईच्या तोंडी जाण्याची शक्यता हीदेखील काही अंशी आनुवंशिक ठरत होती. स्वभाव जनुकांनी काही प्रमाणात घडतो आणि स्वभाव मनुष्याला विशिष्ट प्रसंगांकडे नेतो, हे तिचे स्पष्टीकरण. म्हणजे ‘बाहेरची घटना’ आणि ‘आतली प्रकृती’ ही विभागणी, जिच्यावर शंभर वर्षांचा वाद उभा होता, तीच काटेकोर नव्हती.

२००२ मध्ये मार्क गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाविषयी जे दाखवले ते याच दिशेचे आहे. तीव्र विकृती असलेल्या सैनिकांत हा भाग आकाराने लहान आढळतो हे आधी ठाऊक होते, आणि आघाताने तो झिजतो असा तर्क लोकप्रिय होता. गिल्बर्टसन यांनी अशा सैनिकांचे एकबीज जुळे भाऊ तपासले, जे युद्धावर गेलेच नव्हते. त्यांचाही हिप्पोकॅम्पस लहान निघाला. ज्याला जखमेची खूण समजले गेले, ती निदान अंशतः जखमेच्या आधीपासूनच तेथे होती. लक्षणाचा अर्थ लावताना आधी आणि नंतर यांची गल्लत कशी होते, याचा हा धडा समीक्षकालाही उपयुक्त आहे.

यानंतर विशिष्ट जनुकांचा शोध सुरू झाला. डोपामाइन, सेरोटोनिन यांच्या वहनाशी संबंधित एकेक जनुक निवडायचे आणि काही शे रुग्णांत त्याचा विकृतीशी संबंध तपासायचा, अशी ही पद्धत होती. तिच्यातील बहुतेक निष्कर्ष पुढील अभ्यासांत टिकले नाहीत. त्यातल्या त्यात अधिक काळ चर्चेत राहिले ते ‘एफकेबीपी५’ हे जनुक. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल स्रवते. ते पेशीतील ग्राहकाला चिकटून आपले काम करते आणि मग स्वतःच्या स्रावाला लगामही घालते. या जनुकापासून बनणारे प्रथिन ग्राहकाची संवेदनशीलता घटवते, म्हणजेच लगाम सैल करते. एलिझाबेथ बाइंडर, केरी रेसलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अटलांटातील एका सार्वजनिक रुग्णालयात आलेल्या, बहुतांशी गरीब व कृष्णवर्णीय रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले की, या जनुकाची विशिष्ट रूपे एकटी काही करत नाहीत. बालपणी अत्याचार झाला असेल तरच त्यांचा विकृतीच्या तीव्रतेशी संबंध दिसतो. घटना आणि प्रकृती यांचा हा गुणाकार होता, बेरीज नव्हे.

संपूर्ण जनुकसंचाची छाननी करणारी पद्धत आली तेव्हा चित्र आणखी बदलले. त्यासाठी लाखोंच्या संख्येने माणसे लागतात. आंतरराष्ट्रीय संशोधकसंघाने २०१९ मध्ये ३० हजारांहून अधिक रुग्णांचा आणि २०२४ मध्ये १२ लाखांहून अधिक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. या दुसऱ्या अभ्यासात १,३७,१३६ रुग्ण होते आणि जनुकसंचातील ९५ स्थाने विकृतीशी निगडित आढळली. यातील प्रत्येक स्थानाचा परिणाम अत्यल्प आहे. आघाताचे जनुक असे काही नाही. हजारो बारीक फरकांची एक विखुरलेली प्रवणता आहे, आणि ती नैराश्याच्या प्रवणतेशी मोठ्या प्रमाणात समाईक आहे. अभ्यासिलेल्या व्यक्तींपैकी बहुसंख्य युरोपीय वंशाच्या आहेत, ही या ज्ञानाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. शार्कोला अभिप्रेत असलेला ‘घराण्याचा दोष’ यातून सिद्ध होत नाही. कोणत्याही एका व्यक्तीविषयी भाकीत करण्याइतकी शक्ती या आकड्यांत नाही.

५

जनुकांचा शोध प्रकृतीकडे झुकलेला होता, तर अधिजनुकशास्त्राने पारडे पुन्हा घटनेकडे नेले. ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये योजला, तो जनुकांपासून देह कसा घडत जातो या प्रक्रियेसाठी. आज त्याचा प्रचलित अर्थ अधिक मर्यादित आहे. डीएनएचा क्रम न बदलता त्यावर मेथिल गट बसतात किंवा त्याच्या वेष्टनात बदल होतात आणि त्यामुळे जनुकाचे काम वाढते वा मंदावते, या यंत्रणेचा हा अभ्यास आहे. घटना क्रम बदलू शकत नसेल, पण त्यावर खूण करू शकते, ही शक्यता त्यातून निर्माण झाली.

२००४ साली मॉन्ट्रियल येथे मायकेल मीनी, मोशे झिफ आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेला प्रयोग या दृष्टीने मूलगामी ठरला. पिलांना अधिक चाटणाऱ्या मादीची पिले मोठेपणी ताणाला संयत प्रतिसाद देतात. कमी चाटणाऱ्या मादीची पिले तशी नसतात. त्यांच्या मेंदूत कॉर्टिसॉल-सदृश संप्रेरकाच्या ग्राहकाच्या जनुकावरील मेथिल-खुणा भिन्न आढळल्या. पिलांची अदलाबदल केली तेव्हा खुणा जन्मदात्रीनुसार नव्हे, वाढवणारीनुसार पडल्या. वारसा येथे आहे, पण तो बीजातून नव्हे, स्पर्शातून जातो. या प्रयोगाचा हा अर्धा भाग पुढील लोकप्रिय मांडणीत बहुधा गाळला गेला.

न्यूयॉर्कमध्ये रेचल येहुदा यांनी ज्यू संहारातून वाचलेल्यांचा आणि त्यांच्या अपत्यांचा अभ्यास १९९० च्या दशकापासून चालवला होता. या विकृतीत कॉर्टिसॉल अपेक्षेप्रमाणे वाढलेले नसून अनेकदा कमी असते, हे जॉन मेसन यांनी १९८६ मध्ये सैनिकांत दाखवलेले निरीक्षण त्यांनी पुढे नेले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या वेळी वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या परिसरात असलेल्या ३८ गर्भवती स्त्रियांच्या अभ्यासात, विकृतिग्रस्त मातांच्या बालकांतही कॉर्टिसॉल कमी आढळले. त्यानंतर २०१५ च्या ऑगस्टमध्ये येहुदा यांचा तो निबंध उपलब्ध झाला ज्याने वृत्तपत्रांचे मथळे व्यापले. संहारातून वाचलेल्यांत आणि त्यांच्या अपत्यांत ‘एफकेबीपी५’ जनुकाच्या एकाच स्थानावर मेथिल-खुणांचा फरक आढळला, असे त्यात म्हटले होते. आघात पुढच्या पिढीच्या जनुकांत उतरतो, असा त्याचा अर्थ जगभर लावला गेला.

निबंध मूळ स्वरूपात वाचला तर चित्र पुष्कळच सावध दिसते. त्यात ३२ पालक आणि २२ अपत्ये होती. तुलनेसाठी घेतलेले पालक ८ आणि अपत्ये ९. मोजमाप रक्तपेशींतील होते, मेंदूतील नव्हे. पालकांत खुणा तुलनागटापेक्षा अधिक होत्या, तर अपत्यांत कमी. ज्याला ‘उतरणे’ म्हणावे असे साधे सातत्य तेथे नव्हते. शिवाय ही अपत्ये त्याच पालकांच्या घरात, त्यांच्या मौनात आणि दुःस्वप्नांत वाढली होती. फरक बीजातून आला की संगोपनातून, हे त्या अभ्यासातून ठरवता येणे शक्य नव्हते. २०१८ मध्ये एमी लेहर्नर यांच्यासह लिहिलेल्या आढाव्यात येहुदा यांनी स्वतःच मानवातील पुराव्याच्या या मर्यादा नोंदवल्या.

जीवशास्त्रीय अडचण मूलभूत आहे. सस्तन प्राण्यांत बीजपेशी तयार होताना आणि पुन्हा गर्भाच्या आरंभीच्या अवस्थेत, मेथिल-खुणा मोठ्या प्रमाणात पुसल्या जातात. त्यातून काही सुटतात. पण सुटणे हा अपवाद आहे. दुसरी अडचण गणनेची. गर्भवती स्त्रीवर संकट येते तेव्हा ती, तिचा गर्भ आणि त्या गर्भातील भावी बीजपेशी अशा तीन पिढ्या एकाच वेळी त्या संकटात असतात. तेव्हा नातवंडांत आढळलेली खूणही वारशाचा निर्णायक पुरावा होत नाही. त्यासाठी पणतवंडांपर्यंत जावे लागेल. १९८२ च्या हमा येथील हत्याकांडातून आलेल्या सीरियन कुटुंबांतील तीन पिढ्यांचा अभ्यास कॉनी मलिगन आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात बीजपेशींच्या अवस्थेत हिंसेला सामोरे गेलेल्या नातवंडांत १४ स्थानी फरक आढळले. हा अभ्यास मौलिक आहे, पण वरील मर्यादा त्यालाही लागू होते.

उंदरांत वारशाचा दावा अधिक धीटपणे केला गेला. ब्रायन डायस आणि केरी रेसलर यांनी २०१४ मध्ये दाखवले की, विशिष्ट वासाबरोबर विजेचा झटका दिलेल्या नरांची पिले आणि त्यांची पिले त्या वासाला अधिक दचकतात. या निष्कर्षांच्या संख्याशास्त्रीय विश्वासार्हतेवर त्याच वर्षी आक्षेप घेतले गेले. मानवात, दहा गटांच्या एकत्रित अभ्यासातून २०२० मध्ये विकृतीशी निगडित अशी जी मेथिल-खूण ठळकपणे पुढे आली ती धूम्रपानाने बदलणाऱ्या जनुकावरची होती. धूम्रपान न करणाऱ्यांतही ती आढळली हे खरे, परंतु खुणेचा कर्ता ओळखणे किती अवघड आहे याची तिने आठवण करून दिली. शरीरावर लिहिणारे हात अनेक असतात.

६

हे ‘लिहिणे’ रूपक आहे, आणि त्याचा स्वतंत्र इतिहास आहे. १९४४ मध्ये श्रोडिंगर यांनी गुणसूत्रांना संकेतलिपी म्हटले. त्यानंतर जीवशास्त्राने प्रतिलेखन, भाषांतर, वाचन, संपादन असा सगळा शब्दसंग्रह ग्रंथव्यवहारातून घेतला. अधिजनुकशास्त्राने त्यात खूण, ठसा आणि मौन यांची भर घातली. मेथिल गटांनी दडपलेले जनुक ‘मुके’ केले जाते. दुसरीकडे फ्रॉइडने १९२५ मध्ये स्मृतीचे वर्णन पुसता येणाऱ्या, तरीही खाली ठसा जपणाऱ्या लेखनपाटीच्या रूपाने केले होते, आणि देरिदाने १९६६ मध्ये त्यावर भाष्य करताना मनाला लेखनाचेच दृश्य मानले. दोन शास्त्रे एकाच रूपकावर येऊन थांबली, याचा अर्थ दोन्हींनी एकच वस्तू पाहिली असा होत नाही. साहित्यसमीक्षेत मात्र असा अर्थ लावला गेला.

१९९० च्या दशकात शोशाना फेल्मन, डोरी लाउब आणि कॅथी कॅरुथ यांनी आघातमीमांसेची जी पायाभरणी केली, तिच्यात जीवशास्त्राची उसनवारी आरंभापासून आहे. आघात अनुभवला जात नाही, तो अर्थाच्या आधीच मनात जसाच्या तसा कोरला जातो आणि म्हणून नंतर परतून येतो, हे कॅरुथ यांचे प्रतिपादन बेसेल व्हान डर कोल्क यांच्या मज्जाशास्त्रीय मांडणीवर विसंबून होते. रूथ लेज यांनी २००० मध्ये या विसंबण्यावर कठोर टीका केली. ज्या विज्ञानाचा आधार घेतला ते तेवढे निश्चित नाही, आणि सर्वच जण आघाताचे वाहक ठरले तर छळणारा आणि छळलेला यांतील भेद पुसला जातो, असा तिचा आशय होता. कॅरुथ यांनी १९९६ च्या ग्रंथात केंद्रस्थानी ठेवलेल्या संहितांपैकी एक म्हणजे फ्रॉइडचे १९३९ चे मोझेसविषयीचे पुस्तक. आनुवंशिकता नाकारून ज्याने आरंभ केला होता त्या फ्रॉइडने येथे पूर्वजांच्या अपराधाची स्मृती वंशजांत उतरते असे मानले, आणि तेही बीज व देह यांतील भिंत वाइसमान यांनी उभारल्याला अर्धशतक होऊन गेल्यानंतर. समीक्षकांनी या लामार्कवादाकडे दीर्घकाळ रूपक म्हणून पाहिले. अधिजनुकशास्त्र आले तेव्हा ते रूपक नव्हतेच, असे म्हणण्याचा मोह अनावर झाला.

या मोहाला मारियान हिर्श यांची ‘उत्तरस्मृती’ ही संकल्पना चांगला प्रतिवाद पुरवते. आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माऊस’च्या निमित्ताने १९९२ मध्ये मांडलेल्या या संकल्पनेनुसार, दुसरी पिढी पालकांची स्मृती वाहते ती कल्पनेच्या, छायाचित्रांच्या, कथनांच्या आणि कथनातील खंडांच्या मध्यस्थीने. ‘माऊस’मधील मुलगा बापाची कहाणी ध्वनिमुद्रित करतो, त्याच्याशी भांडतो, आईच्या जाळलेल्या वह्यांसाठी आकांत करतो. हा वारसा रक्तातून आपोआप आलेला नाही. तो मागून, लढून, अपुरा घेतलेला आहे. मॉन्ट्रियलच्या उंदरांविषयीचे निरीक्षण, की खूण वाढवणारीच्या स्पर्शातून पडते, या कथनाच्या अधिक जवळ आहे. बीजात कोरलेल्या नियतीची लोकप्रिय कथा त्याच्यापासून दूर आहे.

भारतीय संदर्भात हा भेद केवळ सूक्ष्मतेचा नाही. दलित आत्मकथनांचे वाचन आघातमीमांसेच्या साहाय्याने करताना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अपमानाचा ‘वारसा’ हा शब्द सहज वापरला जातो. अपमानाची शरीरावर खूण उमटते हे मान्य करणे न्याय्य आहे. भूक, भय आणि अवमान यांचे शरीरशास्त्र नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ती खूण जन्माबरोबर येते असे म्हणताच वाक्याचा रोख फिरतो. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जातीला वंशाचा आणि सुप्रजननाचा आधार देणारे समर्थन खोडून काढले, ते जन्माला नियती मानणाऱ्या विचाराचे मूळ उखडण्यासाठी. शोषिताच्या देहात शोषणाचा पुरावा शोधणारी समीक्षा, सावध न राहिल्यास, तोच देह जन्मतः सदोष ठरवणाऱ्या युक्तिवादापाशी दुसऱ्या दाराने पोहोचते. जर्मन भरपाईच्या इतिहासात वाचलेल्यांचे नेमके हेच झाले होते.

गेल्या दीडशे वर्षांत घटना आणि प्रकृती यांचे पारडे अनेकदा वरखाली झाले आहे, आणि प्रत्येक वेळी नवे साधन हाती आल्यावर प्रश्न मिटला असे वाटले आहे. जुळ्यांच्या अभ्यासाने ही विभागणीच सैल केली, लाखोंच्या छाननीने एका जनुकाची आशा मोडली आणि मेथिल-खुणांनी कर्त्याचा प्रश्न अनिर्णित ठेवला. या संशोधनाने दिलेले ज्ञान खरे आहे आणि ते मर्यादित आहे. पीडिताने आपली पीडा सिद्ध करण्यासाठी त्याच्या निकालाची वाट पाहावी, इतका अधिकार त्याला देता येत नाही. आयस्लर यांच्या प्रश्नाला १९६३ मध्ये प्रयोगशाळेच्या उत्तराची गरज नव्हती. आजही मुलांची हत्या पाहिलेल्या मनुष्याची साक्ष त्याच्या रक्तातील मेथिल गट मोजण्याआधी ऐकता येते, आणि ती ऐकणे हे समीक्षेचे पहिले काम आहे.